समुद्रावरचे ताट : ‘आपल्याला काय चालते?’ या प्रश्नाचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दिसणारा इतिहास

१/
वाचकहो, आज एखादी आलिशान यॉट भाड्याने घेतली, तर पाहुणा बंदरावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्याच्याकडे एक प्रश्नावली येते. आपण शाकाहारी की मांसाहारी? कोणता पदार्थ सोसत नाही? न्याहारी किती वाजता? चहा कसा, मद्य कोणते? या उत्तरांवरून आचारी बाजार करतो आणि मगच नांगर उचलला जातो. पाहुण्याला विचारून त्याचे ताट वाढणे ही नव्या श्रीमंतीची रीत वाटते. प्रत्यक्षात समुद्रावरच्या ताटाचा प्रश्न आपल्याकडे शतकानुशतके जुना आहे. मात्र त्या काळी तो ‘काय आवडते?’ असा नव्हता. ‘कोणी रांधले?’ असा होता.

२/
या एका प्रश्नाने माणसे जातीबाहेर गेली, राजांनी अख्खी जहाजे भाड्याने घेतली आणि विद्वानांनी प्रायश्चित्ते घेतली. या कथेचे अनेक धागे रत्नागिरी जिल्ह्यात येऊन मिळतात. मोठ्या जहाजांवर राबणारे खलाशी येथले, परदेशी शिकायला गेलेले काही थोर पुरुष येथले, आणि ‘समुद्रबंदी’ व ‘रोटीबंदी’ या दोन्ही बेड्यांवर एकाच वेळी घाव घालण्याचा प्रयत्न झाला तोही याच गावात. आजचा हा धागा त्या ताटाविषयी.

३/
प्रथम बंदीचे मूळ पाहू. बौधायन धर्मसूत्रात पातित्य आणणाऱ्या कर्मांच्या यादीत ‘समुद्रसंयान’ म्हणजे समुद्रप्रवास येतो. पुढे ‘कलिवर्ज्य’ प्रकरणांत समुद्रप्रवास केलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही व्यवहारात घेऊ नये, असा कडक पवित्रा दिसतो. शास्त्रकारांना केवळ पाण्याची भीती होती असे नव्हे. लांबच्या प्रवासात स्नानसंध्या, चुलीचे सोवळे आणि पाण्याची शुद्धता टिकत नाही, परक्यांशी संसर्ग घडतो, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते. थोडक्यात, बंदी समुद्राला जितकी होती, तितकीच जहाजावरच्या स्वयंपाकघराला होती.

४/
पण ही बंदी सगळ्यांची नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोकण किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी, दालदी आणि कोकणी मुसलमान यांनी समुद्र कधीच सोडला नाही. शिवकालीन आरमार आणि नंतरचे आंग्र्यांचे आरमार याच हातांवर उभे होते. तांडेल आणि खलाशी गलबतावरच चूल मांडत, तांदूळ शिजवत आणि सुकी मासळी भाजत. त्यांच्या जेवणावर कोणतेही धर्मपीठ बसले नाही. समुद्राची बंदी ही ज्यांना समुद्रावर जाण्याची गरज नव्हती, त्यांची चैन होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

५/
पुण्याच्या राजकारणाला मात्र एकदा समुद्र ओलांडावाच लागला. १७८१ साली राघोबादादांचे वकील म्हणून हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ लंडनला गेले. सोबत मणियार हे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा होते. लंडनमध्ये त्यांची मोठी पंचाईत झाली. परक्या घरात, परक्या चुलीवर हणमंतराव जेवणार कसे? प्रसिद्ध संसदपटू एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि बागेतील काचघर त्यांच्या स्वाधीन केले. तेथे त्यांना आपल्या आचाराप्रमाणे रांधता आणि जेवता आले.

६/
या प्रसंगाकडे नीट पाहा. यजमानाने पाहुण्याला ‘आमचे जेवण का चालत नाही?’ असे विचारले नाही. त्याने चूल मांडायला जागा दिली. अतिथ्याचा हा प्रकार आजच्या यॉटवरील प्रश्नावलीपेक्षा अधिक समजूतदार म्हणावा लागेल. परत आल्यावर मात्र हणमंतरावांची सुटका झाली नाही. राघोबादादांच्या वकिलांना शुद्धीसाठी सोन्याच्या योनिप्रतिमेतून बाहेर काढून ‘पुनर्जन्म’ देण्यात आला, अशी हकीकत त्या काळच्या इंग्रज लेखकांनी नोंदवली आहे. काचघरातील चूल कितीही सोवळी असली, तरी गावाने ती मान्य करायला हवी होती.

७/
१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई हे युरोपच्या वाटेवरचे मोठे बंदर झाले. आता प्रवास महिन्यांऐवजी आठवड्यांचा झाला. पी. अँड ओ. कंपनीच्या टपालबोटींवर तिकिटातच जेवण येई. बर्फघरे नव्हती तेव्हा कोंबड्या, मेंढ्या आणि दुधासाठी गाय जहाजावरच नेत. सकाळची न्याहारी, दुपारचे टिफिन, रात्रीचे अनेक पदार्थांचे भोजन. छापील पदार्थपत्रिकेवर भाजलेल्या मांसाशेजारी ‘करी’ आणि भात असे. गोऱ्या साहेबासाठी ही चंगळ होती. शाकाहारी हिंदू प्रवाशासाठी तीच पत्रिका म्हणजे उपवासाची यादी होती.

८/
मग तो प्रवासी काय करी? उत्तर कोकणातल्या प्रत्येक आजीला ठाऊक होते : दशमी. पीठ पाण्यात भिजवले तर ती भाकरी-पोळी ‘कच्च्या’ अन्नात मोडते, स्पर्शाने विटाळते. तेच पीठ दुधात भिजवले तर दशमी होते आणि ती प्रवासात चालते. तुपात तळलेले, भाजलेले, फळे, दूध, कोरडे पोहे यांनाही अशीच सवलत होती. आज ज्याला आपण कौतुकाने ‘प्रवासाचा फराळ’ म्हणतो, त्या लाडू-दशम्यांच्या डब्यामागे टिकाऊपणाइतकेच सोवळ्याचे गणित होते.

९/
१८८३ साली हा प्रश्न एका अठरा वर्षांच्या मुलीसमोर उभा राहिला. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी आपण का जात आहोत हे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निश्चय बोलून दाखवला. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने निघाल्या. सोबत पती नव्हते, घरचा आचारी नव्हता. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या.

१०/
त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली आणि परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या क्षयाचे खापर केवळ आहारावर फोडणे योग्य नाही; पण परक्या थंडीत, परक्या टेबलावर, आपल्याला चालेल तेवढेच उचलून खाणाऱ्या मुलीचे चित्र मनातून जात नाही. ‘आपल्याला काय चालते?’ हे तिला विचारणारी बोट तेव्हा अस्तित्वात नव्हती.

११/
येथे एक विलक्षण योगायोग आहे. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनीच पुढे पुण्यात एका चहाच्या पेल्यात वादळ उठवले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि उपस्थितांपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी तेथे होती. गोपाळरावांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि रानड्यांसारख्या सुधारकाग्रणीनेही अखेर प्रायश्चित्त घेतले.

१२/
समुद्र राहू द्या, पुण्याच्या पेठेत घेतलेला चहाही पचत नव्हता! आणि यातले दोघे रत्नागिरी जिल्ह्याचे. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. गोखल्यांचा ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे. पुढे दोघांनीही इंग्लंडचा प्रवास केला : गोखले १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी, टिळक १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी. देशाचे म्हणणे मांडायचे तर समुद्र ओलांडणे भाग होते. राजकारणाची गरज हळूहळू सोवळ्याच्या पुढे जात होती.

१३/
पण सोवळे न सोडता समुद्र ओलांडता येतो का? पुरेसा पैसा असेल तर येतो, हे १९०२ साली जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह दुसरे यांनी दाखवून दिले. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचे निमंत्रण आले. नाकारणे शक्य नव्हते, आणि परक्या बोटीवर जेवणे मान्य नव्हते. महाराजांनी ‘ऑलिंपिया’ ही नवी कोरी आगबोट संपूर्ण भाड्याने घेतली. जिच्या भटारखान्यात निषिद्ध मांस कधी शिजलेच नाही अशी बोट हवी होती, म्हणून नवी.

१४/
बोटीवर देवघर आले, गोपाळजींची मूर्ती आली, सोवळ्याची स्वयंपाकघरे आली, शंभराहून अधिक माणसांचा लवाजमा आला. आणि आले गंगाजळ. प्रवासात व विलायतेत दुसरे पाणी प्यायचे नव्हते. त्यासाठी चांदीचे प्रचंड गंगाजळी हंडे बरोबर घेतले गेले. प्रत्येक हंडा सुमारे चौदा हजार चांदीची नाणी वितळवून घडवलेला, वजन सुमारे ३४५ किलो, उंची पाच फुटांहून अधिक, आणि पोटात सुमारे चार हजार लिटर पाणी. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये ते आजही पाहता येतात.

१५/
मुंबई बंदरात समुद्राची पूजा झाली, सोने-चांदी-मोती समुद्राला अर्पण झाले आणि ‘ऑलिंपिया’ निघाली. राजाच्या आजारपणामुळे २६ जूनचा समारंभ पुढे ढकलला गेला आणि ९ ऑगस्ट १९०२ रोजी पार पडला. तोवर महाराज लंडनच्या मोरे लॉजमध्ये आपल्याच पाण्यावर आणि आपल्याच चुलीवर राहिले. भाड्याची आलिशान नौका आणि पाहुण्याच्या आहाराचा इतका काटेकोर बंदोबस्त यांचा हिंदुस्थानच्या इतिहासात याहून ठसठशीत दाखला सापडणे कठीण.

१६/
त्याच उन्हाळ्यात, त्याच समारंभासाठी आणखी एक राजा इंग्लंडला गेला होता : कोल्हापूरचे शाहू छत्रपती. वेदोक्त प्रकरणाचा घाव ताजा होता. ‘कोणाच्या हातून कोणाला काय मिळावे’ या प्रश्नाची धग त्यांनी स्वतःच्या देवघरात सोसली होती. इंग्लंडच्या दौऱ्यावर असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याची त्यांची आज्ञा प्रसिद्ध झाली. एका राजाने समुद्रावर भिंती नेल्या. दुसऱ्याने समुद्रापलीकडून भिंतीला पहार लावली. निवाडा वाचकांनी करावा.

१७/
आता राजांकडून खाली उतरू, जहाजाच्या पोटात. पी. अँड ओ.च्या बोटींवर प्रवाशांना वाढणारे कोण होते? भोजनगृहातील सेवक आणि आचारी बहुधा गोव्याचे ख्रिस्ती. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या मंडळींची ‘कुड्ड’ नावाची सामायिक निवासस्थाने होती. दोन फेऱ्यांच्या मध्ये खलाशी तेथे उतरत. डेकवरचे खलाशी मोठ्या प्रमाणावर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, विशेषतः कोकणी मुसलमान. इंजिनाजवळ कोळसा ओढणारे बहुधा पंजाब व सरहद्दीकडचे. एकाच बोटीवर हिंदुस्थानचे तीन किनारे-कोपरे राबत होते.

१८/
या माणसांचीही एक भाषा होती. खलाशांचा मुखिया ‘सारंग’, त्याच्या हाताखालचा ‘टिंडेल’, कोठार सांभाळणारा ‘कसब’, सफाई करणारा ‘टोपस’, आणि खलाशांचे जेवण रांधणारा ‘भंडारी’. येथे घोटाळा नको : जहाजावरचा ‘भंडारी’ म्हणजे कोकणातील भंडारी समाजाचा माणूस असे नव्हे, भांडार सांभाळणारा, म्हणून स्वयंपाकी, असा तो शब्द. प्रत्येक विभागाचा भंडारी वेगळा आणि चूलही वेगळी. मुसलमान खलाशांना हलाल हवे, कोणाला मासळी हवी, कोणाला डाळ. कंपनीने हे भेद मोडले नाहीत, सोयीसाठी जपले.

१९/
म्हणजे समुद्रावर ‘काय चालते?’ हा प्रश्न पहिल्या वर्गाइतकाच तळाशीही विचारला जात होता, पण उत्तराची किंमत वेगळी होती. वर पाहुण्याला पत्रिका मिळे. खाली खलाशाला करारात ठरवलेला शिधा मिळे : तांदूळ, डाळ, तूप, सुकी मासळी यांची मापे ठरलेली. गोऱ्या खलाशाचा शिधा आणि पगार त्याहून कितीतरी अधिक. हातात चांदीची तबके घेऊन वर जाणारा माणूस स्वतः मोजलेल्या भातावर जगत होता.

२०/
आणि मरणाच्या वेळी? ‘पर्शिया’ ही पी. अँड ओ.ची नामांकित बोट. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने तिला बुडवले. तीनशेहून अधिक माणसे गेली. त्यांत गोव्याचे सेवक आणि हिंदी खलाशी होते. कपूरथळ्याच्या महाराजांचे जवाहीर त्या बोटीवर होते, म्हणून तिची आठवण खजिन्याची बोट म्हणून राहिली. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशीगृहात आहे. मुंबईला गेलात तर ती नावे अवश्य वाचा.

२१/
घराजवळच्या समुद्रावर काय स्थिती होती? मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटत : हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पुढे विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. रत्नागिरीला मोठी बोट खोल पाण्यात थांबे आणि माणसे पडावात बसून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात वाहतूक बंद. बहुसंख्य प्रवासी डेकवर पथारी टाकत. तेथे पत्रिका नव्हती, सेवक नव्हते. होते ते वळकटीशेजारचे फडके आणि त्यात बांधलेली भाकरी, दशमी, लाडू, पोहे.

२२/
पण या साध्या डेककडे नीट पाहिले तर तेथे समाजशास्त्राचा मोठा धडा होता. रेल्वेच्या फलाटावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे करता येई. गावात विहिरी वेगळ्या ठेवता येत. बोटीच्या डेकवर मात्र जागाच अपुरी. शेजारी कोण बसले आहे हे विचारून जागा बदलायची तर समुद्रात उडी घ्यावी लागे. बोट लागली की सोवळे-ओवळे दोन्ही एकाच वेळी ओकत. समुद्राने माणसांना समान केले असे मी म्हणणार नाही. पण भेद पाळणे त्याने फार गैरसोयीचे करून ठेवले.

२३/
याउलट जमिनीवरचा एक प्रवास पाहा. १९०१ साली साताऱ्याहून काही लहान मुले वडिलांकडे गोरेगावला निघाली. मसूर स्थानकावर उतरली. जेवणाचा डबा भरलेला होता, पण जात कळताच कोणी पाणी देईना. पाण्यावाचून अन्न गळ्याखाली उतरेना; मुले रात्रभर उपाशी राहिली. त्यांतील एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला.

२४/
बारा वर्षांनी, १९१३ मध्ये, तेच भीमराव बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर मुंबईहून निघाले आणि ‘अँकोना’ बोटीने न्यूयॉर्कला पोहोचले. माधोसिंहांना समुद्रावर आपले पाणी सोबत न्यावे लागले, कारण दुसऱ्याचे पाणी त्यांना चालत नव्हते. आंबेडकरांच्या बाबतीत, ज्यांचे पाणी त्यांना चालत होते ते लोकच पाणी देत नव्हते. बोटीवर तिकीट दाखवले की पाणी मिळे, जेवण मिळे, खुर्ची मिळे. एकाच समुद्राकडे दोन माणसे किती वेगळ्या डोळ्यांनी पाहू शकतात! एकासाठी तो विटाळ होता. दुसऱ्यासाठी ती मोकळी हवा होती.

२५/
आता पुन्हा रत्नागिरी. इंग्रजांनी नको असलेल्या माणसांना ठेवण्यासाठी हे शांत बंदर निवडले होते. एप्रिल १८८६ मध्ये ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा ‘क्लाइव्ह’ बोटीने येथे आणला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये येथेच वारला. १९२४ मध्ये विनायक दामोदर सावरकर येथे स्थानबद्ध झाले आणि १९३७ पर्यंत राहिले. राजकारणास मनाई होती; त्यांनी समाजसुधारणेचा मार्ग धरला. १९०६ साली विलायतेला जाताना ते ज्या बोटीवर होते ती हीच ‘पर्शिया’, हेही ध्यानात घ्या.

२६/
हिंदू समाजाने स्वतःच्या पायांत घातलेल्या सात बेड्या सावरकरांनी मोजल्या. त्यांत ‘सिंधुबंदी’ होती आणि ‘रोटीबंदी’ही. दोन्हींचे नाते आपण वर पाहिले : समुद्राची बंदी मुळात चुलीच्या बंदीवर उभी होती. रत्नागिरीत सहभोजने झाली. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी भागोजीशेठ कीर यांच्या दानातून उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी खुले झाले. १९३३ मध्ये ‘अखिल हिंदू उपहारगृह’ सुरू झाले. तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनीही यावे, बसावे आणि सर्वांबरोबर खावे-प्यावे असा नियम होता.

२७/
विचार करा : चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात चहाच्या पेल्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले होते, आणि आता टिळकांच्या जन्मगावी चहा पाजणे हेच सुधारणेचे साधन झाले. तरीही हे पुरेसे होते का? बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या आपल्या इंग्रजी भाषणलेखात स्पष्ट सांगितले की केवळ सहभोजनाने जात मरत नाही; आंतरजातीय विवाह हा खरा उपाय आणि त्याच्याही मुळाशी शास्त्रांवरील श्रद्धा हलवणे आवश्यक. पंगत उठली की माणसे आपापल्या घरी जातात, हे त्यांना नेमके दिसले होते.

२८/
कोकणच्या प्रवासी बोटी १९८०च्या दशकात इतिहासजमा झाल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि भाऊच्या धक्क्यावरची वळकट्यांची गर्दी आठवणीत गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही आलिशान प्रवासी नौका मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. नाव आंग्र्यांचे, किनारा तोच. पण तिच्यावर कोणी दशमी बांधून नेली नाही. टेबले मांडलेली, पदार्थ हवे ते, आणि कोणी रांधले हे कोणीही विचारले नाही.

२९/
म्हणूनच यॉटवरील प्रश्नावली मला केवळ चैनीची वस्तू वाटत नाही. तिच्यात ‘काय सोसत नाही?’ असा रकाना आहे. ‘कोणाच्या हातचे चालत नाही?’ असा नाही. हा एक रकाना पुसला जायला हणमंतरावांच्या काचघरापासून रत्नागिरीच्या उपहारगृहापर्यंत दीडशे वर्षे लागली. तो सर्वत्र पुसला गेला आहे, असे मात्र समजू नका. भाड्याचे घर, शाळेतील माध्यान्ह भोजन, लग्नाची पंगत येथे तो अधूनमधून पुसट अक्षरांत पुन्हा उमटतो.

३०/
पुढच्या वेळी रत्नागिरीला गेलात तर संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर उभे राहा. समोरून कधीकाळी पडाव निघत. त्यांत दशमी बांधलेली विधवा असे, पी. अँड ओ.च्या फेरीला निघालेला सारंग असे, शिकायला मुंबईस जाणारा मुलगा असे. तिघांच्या शिदोऱ्या वेगळ्या होत्या, समुद्र एक होता. आपल्या घरात अशी कोणाची बोटीची आठवण असेल, आजोबांनी सांगितलेली, आजीने बांधून दिलेल्या डब्याची, तर ती खाली अवश्य लिहा. इतिहास ग्रंथांत असतो तितकाच त्या फडक्याच्या गाठीतही असतो.